खोडलेले आकडे

११ फेब्रुवारी

आज बाईंना एक पत्र आलं आणि डोकं माझं फिरलं.

बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. मी त्यांच्याकडे तेवीस वर्षं तंत्रज्ञ आहे. पांढऱ्या उंदरांची देखभाल, त्यांच्या शेपटीतून थेंब-दोन थेंब रक्त घेणं, त्यातलं ग्लुकोज मोजणं आणि आकडा वहीत उतरवणं, हे माझं काम. बाई डोकं, मी हात. निदान मी तरी तसं समजते.

पत्र दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून आलंय. तिथल्या कुणा डॉक्टराचं म्हणणं असं, की आमच्या कंदसाखरेने त्याच्या उंदरांच्या रक्तातलं ग्लुकोज वाढतंय. आमची कंदसाखर! बावीस वर्षांपूर्वी बाईंनी एका वेलीच्या कंदातून ती वेगळी काढली. चवीला गोड, पण शरीरात तिचं ग्लुकोज होत नाही, म्हणून मधुमेहाच्या माणसालाही चालेल, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या निबंधाने त्यांचं नाव झालं. दीड वर्षापूर्वी त्या साखरेचा पाक बाटलीतून दुकानात आला, तेव्हा पहिली बाटली मीच घरी नेली. आमच्या यांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. बिचारे फिका चहा पीत होते, तो त्या दिवसापासून गोड झाला. आणि आता हा कालचा पोर आम्हाला शिकवणार. कानामागून आली आणि तिखट झाली, त्यातली गत.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि "बघू या" एवढंच म्हणाल्या. वर मला विचारलं, "तुमचे हे कसे आहेत? पाणी फार पितात का हल्ली?" एवढ्या गडबडीत त्यांना आमच्या घरची आठवण राहते. अशी माणसं कुठे मिळतात? मी सांगितलं, उन्हाळा लागतोय, पितात तांब्यावर तांब्या.

हे सगळं प्रयोगाच्या वहीत लिहिता येत नाही, म्हणून ही दुसरी वही काढली.

१४ फेब्रुवारी

प्रयोग ठरला. चोवीस उंदीर, चोवीस पिंजरे. बारांच्या खाण्यात कंदसाखर, बारांच्या नाही. कुठले बारा, ते मला सांगायचं नाही. खाणं बाई स्वतः दार लावून कालवणार आणि यादी पाकिटात घालून, वर सही करून, संचालकांच्या कपाटात ठेवणार.

मला वाईट वाटलं. तेवीस वर्षांत मी एक काचेची नळी फोडलेली नाही (एकच फोडली, ती आधीच तडकलेली होती). मी तोंडावरच विचारलं, बाई, माझ्यावर विश्वास नाही का. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर आहे. पण तुमचा माझ्यावर जरा जास्तच आहे." याचा अर्थ मला नीट लागला नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

बाईंचे या खोलीत दोनच नियम आहेत आणि ते पहिल्या दिवसापासून माझ्या अंगात भिनलेत. एक, जगावेगळा आकडा दिसला की तो पुन्हा तपासायचा. दोन, वहीत खोडायचं झालं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. गिरवायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही, पान फाडायचं तर नावच नको. नवीन येणारी मुलं या दुसऱ्या नियमाला हसतात. हसू देत.

३ मार्च

पहिली मोजणी झाली. सकाळी दहापर्यंत चोवीसही उंदरांचं रक्त काढलं. आता हात इतका बसलाय की उंदीर मिशासुद्धा हलवत नाही.

एकशे पन्नासच्या आत सगळं नेहमीचं. पण नऊ नळ्यांचे आकडे वर गेले. एकशे बहात्तर, एकशे अडुसष्ट, एक तर एकशे नव्वद. मग नियम आठवला. जगावेगळा आकडा, पुन्हा तपासा. सकाळच्या घाईत काहीतरी हललं असणार. म्हणून डबा खाल्ला, हात धुतले, जरा टेकले, आणि दोन वाजता त्या नऊ नळ्या खिडकीजवळच्या स्टँडवरून उचलून उरलेल्या रक्तावर शांतपणे मोजणी केली. सात आकडे सुतासारखे सरळ खाली आले. एकशे बहात्तरचा झाला एकशे बेचाळीस. पहिल्यावर एक रेघ मारली, नवा शेजारी लिहिला. दोनच थोडे वर राहिले.

दमाने घेतलं की सगळं जागेवर येतं. त्या पत्रवाल्या डॉक्टराकडे असा हात नसणार, आणि घोडं तिथेच पेंड खातंय.

काही पिंजऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या गळताहेत. खालचा भुसा ओला होतो. उद्या बदलते.

५ मार्च

यांचा रिपोर्ट आला. उपाशीपोटीची दोनशे अठरा. गेल्या खेपेपेक्षाही जास्त. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि "पथ्य पाळत नाही तुम्ही" म्हणाले. रस्त्यात मी तोंडाचा पट्टा सोडला. दीड वर्षं आकडा चढतोय, गोळ्या वाढताहेत, माणूस म्हणतो मी काही खात नाही. मग साखर काय हवेतून येते?

"मी खरंच खाल्लं नाही," हे म्हणाले. मी म्हटलं, चोर असंच म्हणतो.

संध्याकाळी हे बाहेर गेल्यावर मी यांच्या दुकानाची झडती घेतली. यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच आहे. सगळे खण काढले. स्प्रिंगा, काटे, चामडी पट्टे, एका डबीत चिमुकले स्क्रू. बिस्किटाचा चुरासुद्धा नाही. पण चोर सापडला नाही म्हणजे चोरी झाली नाही, असं थोडंच आहे.

१७ मार्च

दुसरी मोजणी. दहा आकडे वर, दुपारी आठ खाली आणले. मला तर आता वर गेलेला आकडा बघितला की राग येतो, कुणी बाईंना पाण्यात बघतंय असं वाटतं.

सगळ्या बाटल्या नव्या बसवल्या होत्या, तरी भुसा ओला, आणि तोही नेमका त्याच पिंजऱ्यांत. काही उंदीर जात्याच वांड असतात.

बाई दुपारी एक चक्कर टाकून गेल्या. उंदरांकडे बघत उभ्या राहिल्या. वहीला हात लावला नाही. मी म्हटलं, काळजी करू नका बाई, सगळं ठीक येतंय. त्या माझ्याकडे बघून हसल्या, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. दोन महिन्यांनी निवृत्त व्हायच्या आहेत, त्याचंच असेल.

२६ मार्च

आज यांनी एक घड्याळ तसंच परत दिलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. बायकांचं बारीक घड्याळ होतं. डोळ्याला भिंग लावून तासभर बसले, स्क्रू दोनदा हातातून पडला, तिसऱ्यांदा सापडलाच नाही. गिऱ्हाइकाला म्हणाले, माफ करा, दुसरीकडे दाखवा.

चष्मेवाला म्हणतो नंबर पुन्हा बदललाय. सहा महिन्यांत हा तिसरा चष्मा. डॉक्टर म्हणतात, आकडा असाच राहिला तर डोळ्यांचं अवघड होईल, पुढच्या महिन्यात इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू करू.

मी घाबरले होते, आणि घाबरले की मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, "डोळे गेले तर घड्याळं काय नाकाने दुरुस्त करणार?" उचलली जीभ लावली टाळ्याला. यांनी मान खाली घातली. मग मलाच भरून आलं. संध्याकाळच्या चहात पाकाचे दोन चमचे घालते, ते आज तीन घातले. म्हटलं, तेवढीच माणसाच्या तोंडाला चव येईल.

२ एप्रिल

आज तिसरी मोजणी होती. आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

सकाळची मोजणी संपवून मी नळ्या स्टँडवर लावल्या आणि डबा उघडला. तेवढ्यात बाई आल्या, स्टूल ओढून माझ्या टेबलाशी बसल्या आणि वही मागितली. पानं उलटली. खोडलेल्या आकड्यांवरून त्यांचं बोट एकेक करून खाली गेलं. मी वाट बघत होते की म्हणतील, किती नेटकं काम. त्यांनी विचारलं, "हे वरचे पुन्हा तपासलेत. खालचे का नाही तपासले?"

मी म्हटलं, खालचे बरोबरच होते ना.

"ते बरोबर आहेत हे कशावरून ठरवलं?"

उत्तर होतं, पण ते तोंडाबाहेर काढायची लाज वाटली. आपल्याला हवेत तसे होते, म्हणून बरोबर.

मग त्यांनी विचारलं, दोन वाजता जे रक्त तपासता, ते तोवर कुठे असतं. मी स्टँडकडे बोट दाखवलं. खिडकीतून ऊन येत होतं आणि नळ्या त्यात छान चमकत होत्या. बाईंनी त्यातली एक नळी उचलून तळहातावर धरली. मग म्हणाल्या, "उद्या आपण दोघी मिळून एक छोटंसं काम करू." त्यांचा आवाज नेहमीचाच होता. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

३ एप्रिल

प्रयोगात नसलेला, साधं खाणं खाणारा एक उंदीर घेतला. त्याचं रक्त एका नळीत काढलं आणि एकाच नळीतून तीनदा मोजलं. दहा वाजता एकशे अठ्ठावीस. बारा वाजता एकशे सोळा. दोन वाजता एकशे चार.

तिसरा आकडा मी वाचला आणि वहीची मागची पानं उलटली.

रक्त नळीत आलं तरी त्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत. त्यांना भूक असते. नळीत जे ग्लुकोज असेल ते त्या खात बसतात, म्हणून उशीर झाला की आकडा आपोआप उतरतो. हे मला नवीन आहे का? अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला परीक्षेत हाच प्रश्न होता आणि मी पैकीच्या पैकी गुण घेतले होते. पण ते परीक्षेपुरतं. इथे मी जेवायला जायची, पेशीही जेवायच्या, आणि परत येऊन मी म्हणायची, बघा, दमाने घेतलं की कसं जागेवर येतं.

मी बाईंना म्हटलं, मला कामावरून काढा. त्या म्हणाल्या, "नियम माझा होता. जगावेगळा आकडा पुन्हा तपासा, असं मी सांगितलं. कुठलं जग, ते सांगितलंच नाही."

४ एप्रिल

संचालकांकडून पाकीट आणलं. बाईंनी यादी टेबलावर ठेवली आणि मला वाचायला सांगितलं. त्या समोर वही घेऊन बसल्या. मी पिंजऱ्याचा नंबर वाचायचा, त्यांनी आकडा. रेघेखालचा, खोडलेला, सकाळचा पहिला आकडा. सगळे वाचता येत होते.

पहिल्या मोजणीत नऊ, दुसऱ्या मोजणीत दहा, तिसऱ्या मोजणीत बाराच्या बारा, आणि सगळे कंदसाखरवाले. एकशे बहात्तर, एकशे नव्वद, एकशे अडुसष्ट. ज्यांचा भुसा ओला तेच हे. बाटल्या गळत नव्हत्या. उंदीर तहानेले होते. साखर वाढली की तहान लागते आणि मग जावंही लागतं, हे मी यांच्या मधुमेहाबरोबर सहा वर्षं संसार करून शिकलेय, आणि रोज भुसा बदलताना मला ते दिसलं नाही.

बाईंनी समजावून सांगितलं. आम्ही तेव्हा म्हटलं होतं ते एवढं खरंच आहे, की ही साखर स्वतः ग्लुकोज होत नाही. पण बहुतेक ती स्वादुपिंडाला गप्प बसवते. इन्सुलिन सुटत नाही, मग इतर खाण्यातली साखर रक्तात साचत जाते. पत्रवाल्याचं म्हणणं बरोबर होतं.

त्या हे सांगत होत्या आणि मला तांब्या दिसायला लागला. तांब्या, खाली पडलेला स्क्रू, तीन चष्मे. आणि त्या संध्याकाळचा माझ्या हातचा तिसरा चमचा.

माझ्या चेहऱ्यावरून बाईंना कळलं. त्या म्हणाल्या, "आधी घरी जा. पाक ओतून टाका आणि डॉक्टरांना सांगा." मग म्हणाल्या, "पत्र आलं त्याच दिवशी माझ्या मनात तुमचे हे आले होते. हातात पुरावा नव्हता, म्हणून बोलले नाही. निदान काही दिवस बंद ठेवा एवढं तरी म्हणायला हवं होतं. तिथे चुकले मी."

घरी जाताना अर्धा रस्ता मी बाईंवर चिडले होते. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. उरलेला अर्धा रस्ता माझ्या ध्यानात येत गेलं, की त्यांनी हे सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं. तरी त्यांनी सांगितलं.

बाटली मोरीत रिकामी केली. हे दारात उभे राहून बघत होते. मी सगळं सांगितलं. उंदीर, नळ्या, डबा, खिडकी, सगळं. म्हटलं, तुम्ही खरं बोलत होतात. मी तुम्हाला चोर म्हटलं, तुमचे खण उपसले, आणि रोज दोनदा माझ्याच हाताने तुम्हाला हे पाजलं.

मला वाटलं, आता हे बोलतील ते मला जन्मभर पुरेल. मग म्हणाले, "दीड वर्ष माझाच माझ्यावर संशय होता गं. वाटायचं, झोपेत उठून खातो की काय मी. एकदा मीही खण तपासले होते."

मी मोरीशीच बसून रडले. यांनी बाटली उचलली, विसळली आणि म्हणाले, काच चांगली आहे, तेल ठेवायला होईल. असा नवरा आणि अशा बाई, दोघंही एकाच बाईच्या वाट्याला यावेत, हे काही न्यायाचं नाही.

८ एप्रिल

चार दिवस जुन्या वह्या शोधत होते. बाईंनी सांगितलं नव्हतं, पण त्यांना विचारायचं धाडसही होत नव्हतं. आज तळघराच्या मांडणीवर सापडल्या, दोरीने बांधलेल्या. बावीस वर्षांपूर्वीच्या. ज्या आकड्यांवर तो निबंध उभा आहे, त्या.

अक्षर माझंच. नोकरीला वर्ष झालेलं, अक्षर जास्त गोल. आणि पानोपानी एकच आडवी रेघ. खोडलेले आकडे सकाळचे, शेजारचे दुपारचे. तेव्हाही मी डबा दुपारीच खात असे.

म्हणजे हे आत्ताचं नाही. दिव्याखालीच अंधार होता, आणि दिवा पुसायचं काम माझ्याकडे होतं.

वह्या घेऊन बाईंच्या खोलीत गेले. त्यांच्या टेबलावर कागद होते. त्यांनी निबंधातलं गणित आधीच पुन्हा मांडायला घेतलं होतं, फक्त खोडलेल्या आकड्यांची वाट बघत होत्या. आम्ही दिवसभर बसलो. मी वाचत गेले, त्या लिहीत गेल्या. संध्याकाळी त्यांनी खोडलेल्या आकड्यांच्या दोन बेरजा, कंदसाखरवाल्या उंदरांची आणि बाकीच्यांची, शेजारी शेजारी लिहून मला दाखवल्या. फरक तेव्हाही होता, चांगला ढळढळीत. बावीस वर्षं एका रेघेखाली पडून होता.

कुणाचंही अवसान गळालं असतं. बाईंनी पेनाला टोपण लावलं, वह्यांवरची धूळ रुमालाने पुसली आणि म्हणाल्या, "बरं झालं, तुम्ही गिरवलं नाहीत."

१२ एप्रिल

संचालकांनी बाईंना बोलावलं. वह्या घेऊन मी बरोबर होते. संचालक माणूस वाईट नाही. त्यांनी फार प्रेमाने सांगितलं, की बाई, तुम्ही महिन्याभराने निवृत्त होताय, समारंभ ठरलाय, कशाला स्वतःच्या हाताने स्वतःच्या कामावर पाणी सोडता? नवा प्रमुख येईल, तो नव्याने प्रयोग करेल, जे असेल ते सावकाश बाहेर येईल. कुणालाच कमीपणा नाही.

मला खरं सांगायचं तर क्षणभर पटलं. बाईंना इतक्या लोकांसमोर मान खाली घालताना बघायची माझी तयारी नव्हती.

बाई म्हणाल्या, "माझ्या निबंधावर भरवसा ठेवून कुणीतरी आत्ता या घटकेला चहात हा पाक घालतंय. सावकाश म्हणजे त्याचे किती कप?"

संचालक माझ्याकडे बघायला लागले. मी वह्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि पहिलं पान उघडून दिलं.

१५ एप्रिल

बाईंनी दुरुस्तीचा मजकूर लिहिला. निबंध मागे घेतल्याचं पत्र, पाक बनवणाऱ्यांना पत्र, आणि त्या पहिल्या पत्रवाल्या डॉक्टराला पत्र, ज्यात त्याचे आभार मानलेत. मला टंकलेखनाआधी वाचायला दिला.

सगळा मजकूर "मी"मध्ये आहे. मी नियम घालून दिला, मी वेळ विचारली नाही, मी पडताळून पाहिलं नाही. मोजणी कुणी केली, याचा एक शब्द नाही. त्या जुन्या निबंधात शेवटच्या ओळीत आभारांमध्ये माझा उल्लेख आहे, तेव्हा मी त्याची प्रत चौकटीत लावली होती. चुकीत मात्र मी कुठेच नाही.

मी म्हटलं, बाई, यात माझं नाव घाला.

त्या म्हणाल्या, जबाबदारी प्रमुखाची असते. मी म्हटलं, असेल, पण हात माझा होता. आभार मी मुकाट्याने घेतले, मग हे का नको? आणि दुपारचं जेवण, खिडकी, स्टँड हे तुमच्या मजकुरात आलंच नाही. त्याशिवाय दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेतली माझ्यासारखी बाई हे वाचून आपला स्टँड कसा तपासेल?

तेवीस वर्षांत मी बाईंना उलट बोलले नव्हते. मग त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "तो परिच्छेद तुम्हीच लिहा. खाली दोघींची सही."

चार ओळी लिहायला मला दोन तास लागले. बाईंनी त्यातला एक स्वल्पविराम बदलला.

२२ एप्रिल

सभागृह भरलं होतं. पाकवाल्यांची माणसं पहिल्या रांगेत. बाई त्याच करड्या स्वेटरात, हातात कागदसुद्धा नाही. फळ्यावर दोन बेरजा लिहिल्या आणि दहा मिनिटांत सगळं सांगितलं. आवाज कुठे कापला नाही, कुठे मोठा झाला नाही. कारणं दिली, सबबी दिल्या नाहीत. मी भिंतीशी उभी होते आणि माझी छाती इतकी भरून आली होती, की कुणाला वाटावं बाईंना पारितोषिक मिळतंय.

मागून एकाने जरा खोचकपणे विचारलं, बावीस वर्षं कळलं कसं नाही? बाई म्हणाल्या, "नको असलेला आकडा आम्ही पुन्हा तपासत होतो. हवा असलेला कधीच तपासला नाही." आणि खडू ठेवून हात झटकले.

पाकवाल्यांच्या माणसाने उठून सांगितलं, की दुकानांतल्या बाटल्या काढून घ्यायला आजपासून सुरुवात करतो. चेहरा पडला होता, पण सांगितलं.

निरोपसमारंभ बाईंनी रद्द करायला लावला. म्हणाल्या, त्या दिवशी चौथी मोजणी आहे.

६ मे

पाक बंद करून महिना झाला. मध्यंतरी डॉक्टरांनी इंजेक्शनं पुढे ढकलली, म्हणाले, बघू काय होतंय ते. दर आठवड्याला थोडं थोडं उतरतंय असं त्यांच्याकडचे कागद म्हणत होते. आज मी छोटं यंत्र घरी आणलं. म्हटलं, आता यांच्याबाबतीत दुसऱ्याच्या आकड्यावर राहायचं नाही, आपला हात कशाला आहे.

सकाळी, उपाशीपोटी, दुकान उघडायच्या आधी यांना पुढ्यात बसवलं. बोट पुसलं, टोचलं. यंत्रावर आकडा उमटला.

एकशे चोवीस.

यांनी चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. इतका मनासारखा आकडा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

मी नवी सुई काढली. हे म्हणाले, "आता का? चांगला आलाय ना?"

"म्हणूनच," मी म्हटलं.

यांनी दुसरं बोट पुढे केलं. एकशे सत्तावीस आला. दोन्ही आकडे लिहून ठेवले.